जीजींचा सर्वधर्मसमभाव

फिरोजाबाद,
९ फेब्रुवारी १९६०

।। श्री बाँकेबिहारीजी सहाय ।।

पूज्य रामेश्वरी जीजींना दुलहिन चंद्रकलीचा पाया पडून नमस्कार.

तुमचं पत्र आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी दोन्ही पोचलं. बरणी फुटली नाही, ही बिहारीजींची कृपा आणि तुमच्या नोकराने भोवती कोंबलेल्या गवताची. गवत मी शेजारच्या गाईला घातलं.

तुम्ही कानपुरात पाहिलात तो सिनेमा आमच्या गावातही आला. सिनेमावर पैसे घालवायचे नाहीत असं आमचं ठरलेलं; पण तुमच्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, थिएटरवाल्याने फुकट पास दिले, तेव्हा न जाणं म्हणजे नुकसान झालं असतं. भाजलेले चणे घरूनच नेले. बायकांसाठीच्या जनाना दर्जात गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका होत्या. टाकून दिलेलं ते तान्हं पोर आणि त्याला पोटाशी धरणारा तो म्हातारा मुसलमान पडद्यावर आले, तशी एकीच्याही डोळ्यांचं पाणी खळेना. आमची शेजारीण गुप्ताइन तर इतकी रडली की पुढच्या रांगेतली बाई मागे वळून म्हणाली, "अहो, जरा ऐकू तरी द्या!"

पण जीजी, गंमत पुढेच आहे. परतीची वाट छुट्टन मियाँच्या दुकानावरून येते. छुट्टन मियाँ म्हणजे आपला मनिहार, माझ्या लग्नाच्या बांगड्या त्यानेच भरल्या होत्या. त्याच्याकडे सितारा म्हणून एक मुलगी आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी शिवालय आणि मशीद यांच्या मधल्या बोळात कुणीतरी तिला गुंडाळून ठेवून गेलं. पुजारीजी म्हणाले, "हे मशिदीच्या बाजूला आहे." मशिदीतले म्हणाले, "शिवालयाच्या पायरीजवळ आहे." छुट्टन मियाँ दूध आणायला निघाला होता, तो दुधाऐवजी पोर घेऊन घरी आला. बायको त्याची आधीच वारलेली, मूलबाळ नाही.

तर ती सितारा पायरीवर बसून फुटक्या काचा निवडत होती. गुप्ताइनने तिच्या अंगावरून जाताना पदर आवरून घेतला. डोळे तिचे अजून ओले होते.

तुमच्या चिरंजीवांना, बिरजू भैयांना, माझा नमस्कार सांगा.

तुमची दुलहिन,
चंद्रकली

*

कानपूर,
१८ फेब्रुवारी १९६०

चि. दुलहिनीस रामेश्वरीचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि समितीत वाचूनही दाखवलं. गुप्ताइनचा भाग गाळला. मी तो सिनेमा तीनदा पाहिला आहे. तिसऱ्या वेळी आमचे लालाजी म्हणाले, "एवढं रडायचं तर घरी रड, मोटारीचं पेट्रोल तरी वाचेल." त्यांना काय कळणार! मी मात्र तेव्हाच ठरवलं की नुसतं रडून भागायचं नाही. इथल्या बाल सदनाच्या महिला समितीचं अध्यक्षपद मी स्वीकारलं आहे. दर गुरुवारी आम्ही सगळ्या सभासद बायका जाऊन मुलींना आपल्या हातांनी न्हाऊ घालतो. गेल्या गुरुवारी फोटोही काढला.

आणि तू सिताराबद्दल अशी सहज लिहून मोकळी होतेस? अगं, एक हिंदू लेकरू परक्या घरात वाढतंय आणि तुम्ही सगळे पदर आवरत बसला आहात! हिंदू कशावरून, असं विचारू नकोस. आमचे सेक्रेटरी म्हणतात की अशी मुलं बहुधा चांगल्या खानदानातलीच निघतात. गरीब माणूस पोर टाकत नाही, कामाला लावतो. कुणा नीच माणसाने तोंड काळं करून लेकरू वाऱ्यावर सोडलं असेल. असल्यांना भर चौकात उभं करायला हवं.

मुलीला मी सदनात आणणार. तू त्या म्हाताऱ्याला जाऊन सांग. गोड बोलून सांग.

बिरजूचं ठरलं. साखर कारखानेवाल्या लालांची धाकटी. माणसं फार कडक आहेत, आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली आणि समाधान पावली. वैशाखात तिलक, लग्न पुढे.

तुझी,
रामेश्वरी

*

फिरोजाबाद,
६ मार्च १९६०

।। श्री बाँकेबिहारीजी सहाय ।।

पूज्य जीजींना पाया पडून नमस्कार.

बिरजू भैयांचं वाचून घरात बत्तासे वाटले.

तुमच्या सांगण्याप्रमाणे छुट्टन मियाँकडे गेले. त्याचे रोजे चालू आहेत, तरी मला बसायला चटई दिली. मी जमेल तितकं गोड बोलले. सदनात पक्की इमारत आहे, दोन वेळचं जेवण आहे, शाळा आहे, मोठमोठ्या घरच्या बायका स्वतः न्हाऊ घालतात, सगळं सांगितलं. तो हातातली बांगडी दिव्यापाशी धरून तिचा सांधा बघत होता. शेवटी म्हणाला,

"बहूजी, तुम्ही दर तीजेच्या सणाला चार आण्यांसाठी माझा जीव खाता. पोरगी मात्र फुकट न्यायला आलात!"

मी म्हटलं, "पुण्याचं काम आहे मियाँ, यात देणंघेणं कसलं?"

"मग पुण्य तुम्हीच ठेवा, पोरगी माझ्याकडे राहू द्या. वाटणी झाली."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, "तिचा धर्म कोणता ते तुला माहीत आहे का? उद्या तिला खाऊपिऊ काय घालशील?" तेव्हा त्याने चुलीवरचं झाकण काढून दाखवलं. दुधी शिजत होता. म्हणाला, "पहिल्या दिवसापासून हेच चाललंय. कुणाची आहे ते ठाऊक नाही, म्हणून घरात मांस येत नाही. ईदेलासुद्धा नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल. माझे भाऊबंद म्हणतात, छुट्टन, तू बनिया झालास. तुमचे लोक म्हणतात, मुसलमानाने पोर बाटवलं. दुधी खाऊन कोण बाटलंय ते तुम्हीच सांगा."

यावर मी बांगड्यांचा भाव विचारला.

निघताना त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "बहूजी, ती अंधारात घाबरते. सदनात दिवा असतो का?" मी म्हटलं, असेल. सितारा दारामागे उभी होती. तिने ऐकलं असावं, कारण मला बाहेर पडू देईना, माझ्या चपला लपवून ठेवल्या होत्या. चपला नसल्या की जाता येत नाही असं तिला वाटलं असेल.

जीजी, तुम्ही मोठ्या आहात, विचार करूनच ठरवलं असेल. मी फक्त पाहिलं ते कळवलं. दिव्याचं मात्र विचारून लिहा.

तुमची दुलहिन,
चंद्रकली

*

कानपूर,
१६ मार्च १९६०

चि. दुलहिनीस आशीर्वाद.

तू भोळी आहेस. दुधीच्या भाजीने पाघळलीस. म्हातारा चतुर दिसतो.

मी लालाजींकडून वरपर्यंत शब्द टाकून हुकूम काढून घेतला आहे. रामनवमी झाली की ७ एप्रिलला आमचे सेक्रेटरी मोटार घेऊन येतील. त्यांच्याबरोबर एक शिपाई असेल, म्हणजे तमाशा होणार नाही. म्हाताऱ्यासाठी समितीने एक घोंगडी मंजूर केली आहे. मुलगी आली की गुरुवारी मी स्वतः तिला न्हाऊ घालणार. वर्तमानपत्रवाले येणार आहेत आणि बिरजूच्या होणाऱ्या सासूबाईही. त्यांना अशा कार्याची फार हौस.

सदनात रात्री दिवा ठेवत नाहीत. आगीची भीती असते. मुलांना सवय होते.

तुझी,
रामेश्वरी

*

फिरोजाबाद,
४ एप्रिल १९६०, चैत्र अष्टमी

।। श्री बाँकेबिहारीजी सहाय ।।

पूज्य जीजींना पाया पडून नमस्कार.

आज अष्टमीचं कन्यापूजन झालं, आणि ताटं घासायची ठेवून पत्र लिहायला बसले आहे. आजच्या टपालात पडायला हवं.

अष्टमीला मुलींचा कसा तुटवडा पडतो ते तुम्ही जाणताच. वर्षभर "पुन्हा मुलगीच झाली" म्हणून कपाळाला हात लावणारी माणसं आज सकाळपासून मुली शोधत गल्लोगल्ली फिरत होती. मुलीही पक्क्या, एका घरचा हलवा, दुसऱ्या घरची दक्षिणा, पोटं टम्म. पूजेला नऊ लागतात, माझ्याकडे आठ जमल्या. नववी मिळेना. पुऱ्या गार होत होत्या. गुप्ताइनकडे मागितली तर म्हणाली, "माझ्याच पुऱ्या पडल्यात, मी कुठून देऊ?"

तेवढ्यात सितारा दारासमोरून गेली. गेल्या आठवड्यातल्या ईदेचा नवा फ्रॉक घातलेला होता. मी देवीकडे पाहिलं. देवीने काही मनाई केली नाही. मी हाक मारली.

नऊ जणींना पाटावर बसवून पाय धुवायला घेतले. आठ झाले. नववीचा डावा पाय परातीत घेतला आणि जीजी, माझ्या हातून तांब्या सुटला.

दुसरं आणि तिसरं बोट नखापर्यंत जोडलेलं. एकाच बोटाला दोन नखं असावीत तसं.

असा पाय मी आजवर तिघांचाच पाहिला. बाबूजींचा, सून म्हणून मी तो वर्षानुवर्षं चेपला. तुमचा, माहेरी आलात की पहिल्यांदा मी तोच धरते. आणि बिरजू भैयांचा. आपल्याकडे भाचा देवासारखा, मामीने त्याच्या पाया पडायचं असतं. सहा-सात वर्षांपूर्वी भैया धंदा शिकायला वर्षभर आमच्याकडे होते, तेव्हा मी रोज सकाळी पाया पडत असे आणि ते वर्तमानपत्र वाचता वाचता पाय पुढे करत. तेव्हा चुकायचं काही कारण नाही.

सिनेमात असल्या वेळी वाद्यं वाजतात. इथे गुप्ताइन दारात येऊन म्हणाली, "झाल्या का तुझ्या? चार मला दे."

मला त्या वर्षीचं एकेक आठवलं. समोरच्या माडीवर कन्या पाठशाळेत शिवण शिकवणारी कुसुमलता राहायची. त्या वर्षी भैयांच्या सदऱ्यांची बटणं फार तुटायची. मग एकाएकी तुटायची थांबली. तुम्ही तार करून भैयांना बोलावून घेतलंत आणि कुसुमलता आजारपणाची रजा टाकून गेली, ती आलीच नाही.

माझ्या मनात काही नाही. मी मॅट्रिक झालेली बाई, हिशेब जुळला नाही की मला झोप येत नाही, आणि आज तो जुळला, एवढंच.

सेक्रेटरीसाहेब ७ तारखेला येत आहेत. मी तिचे कपडे धुऊन ठेवते. पुढच्या गुरुवारी तुम्ही तिला स्वतः न्हाऊ घालाल. समितीच्या सगळ्या बायका असतील, भैयांच्या सासूबाई असतील, फोटोवाला असेल. छान होईल. सगळ्यांना पाय दिसतील.

तुमची दुलहिन,
चंद्रकली

*

तार. कानपूर, ६ एप्रिल.

मोटार येत नाही. मुलीला हलवू नकोस. पत्र येत आहे. रामेश्वरी.

*

कानपूर,
६ एप्रिल १९६०

दुलहिन,

बोटं कुणाचीही जोडलेली असू शकतात. उन्हाळ्यात घामानेही चिकटतात.

तरीसुद्धा मी रात्रभर विचार केला. आपण धर्म धर्म करतो म्हणजे काय करतो? राम काय आणि रहीम काय, देणारा एकच. ज्या माणसाने पोरीला तान्हेपणापासून मोठं केलं, तिच्यासाठी ताटातलं मांस सोडलं, त्याच्यापासून तिला तोडायची आणि नाव धर्माचं घ्यायचं? छुट्टन मियाँ संत माणूस आहे. मुलगी जिथे रुजली तिथेच वाढू दे. फिरोजाबादेत. शिवाय सदनात रात्री दिवा नसतो.

तू जे जुनं उकरून काढलंस त्याबद्दल इतकंच सांगते. कुसुमचा बाप त्या वेळी आमच्या दारात आला होता. मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. पुढे विषय मिटला असं मला सांगण्यात आलं. मिटला याचा अर्थ मी माझ्या परीने घेतला. कुसुमचं नंतर जबलपूरकडे लग्न झालं म्हणतात. बरं झालं.

हे पत्र वाचून लगेच जाळ. भावाला बोलू नकोस.

रामेश्वरी

*

फिरोजाबाद,
११ एप्रिल १९६०

।। श्री बाँकेबिहारीजी सहाय ।।

पूज्य जीजींना पाया पडून नमस्कार.

पत्र जाळलं. त्याच आचेवर दूध तापलं, वाया काही गेलं नाही.

तार मिळाली तशी, मोटार येणार नाही हे छुट्टन मियाँला सांगायला मी स्वतः गेले. मोटारीची तारीख मी त्याला आधीच सांगितली होती, म्हणून तो आदल्या दिवसापासून दुकान बंद करून, सिताराला मांडीवर घेऊन, आतून कडी लावून बसला होता. माझा आवाज ऐकूनही उघडेना. "शिपाई बरोबर आहे का?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "नाही रे बाबा, मी एकटी आहे आणि ऊन लागतंय." तेव्हा उघडलं. सगळं ऐकून त्याने दुकानाची फळी उघडली. मग म्हणाला, "बहूजी, कानपूरच्या बाईंना एवढी अक्कल एकाएकी कुठून आली?"

मी म्हटलं, "सिनेमा पाहून."

पण जीजी, त्याची भीती गेलेली नाही. तुमचा सिनेमा पाहून आता इथल्या हिंदू अनाथाश्रमाचे मास्तर आणि मुसलमानांच्या यतीमखान्याचे लोक, दोघांनाही सितारा आपली वाटायला लागली आहे. बोळात पडली होती तेव्हा तिला सरकवत होते, आता ओढतात. वरून आलेला हुकूमही अजून कागदावर आहेच. आज तुम्ही थांबवलात, उद्या दुसरा कुणी अध्यक्ष झाला तर? म्हणून समितीच्या कागदावर लिहून द्या, की चौकशी झाली, छुट्टन मियाँ हाच तिचा पालक, तिला कुणी हलवू नये, आणि हुकूम रद्द करून घ्या. तुमच्या शब्दाला मोठे साहेब मान देतात.

आणखी एक. शाळेच्या मोठ्या बाई म्हणतात, दाखल करायला वडिलांचं नाव हवं. मला दोन नावं माहीत आहेत. एक लिहायला छुट्टन मियाँ केव्हाचा तयार आहे. दुसरं लिहायला कुणी तयार असेल तर कळवा. शाळा जुलैत उघडते, तोवर वाट पाहीन.

तुमची दुलहिन,
चंद्रकली

*

कानपूर,
१० मे १९६०

चि. दुलहिनीस आशीर्वाद.

समितीचा कागद आणि हुकूम रद्द झाल्याचा कागद दोन्ही सोबत आहेत. छुट्टन मियाँचंच नाव लिहायला सांग.

हे सगळं पार पाडायला मला समितीत भाषण करावं लागलं. मी म्हटलं, रक्ताचं नातं ते काय, माणुसकीचं नातं हेच खरं. टाळ्या थांबेनात. एका मौलानांनी मला हार घातला, शिवमंदिराच्या महंतांनी शाल दिली, आणि वर्तमानपत्रात फोटोखाली छापून आलं: सर्वधर्मसमभावाची जिवंत मूर्ती. बिरजूच्या सासूबाईंनी कात्रण काढून चौकटीत लावलं आहे. तिलक थाटात झाला.

बिरजूला मी काही सांगणार नव्हते. मग सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यामुळे तिलकाची तारीख तर बदलणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग ठीक आहे," आणि दूध पिऊन झोपायला गेला. तो माझ्याच हातांनी वाढवलेला, म्हणून बोलायला जागा नाही.

मुलगी दिसते कशी? म्हणजे समितीच्या दप्तरासाठी. रंग कुणाचा, हसते कशी, गोड आवडतं का, वगैरे. तसंच तिच्या मनगटाचं माप दोऱ्याने घेऊन पाठव. समितीतर्फे चांदीच्या दोन बांगड्या कराव्यात म्हणते. ही गोष्ट अजून समितीसमोर ठेवलेली नाही.

तुझी,
रामेश्वरी

*

फिरोजाबाद,
१७ मे १९६०

।। श्री बाँकेबिहारीजी सहाय ।।

पूज्य जीजींना पाया पडून नमस्कार.

कागद मिळाले. छुट्टन मियाँला वाचता येत नाही, म्हणून मी दोनदा वाचून दाखवले. त्याने घडी केली, डोळ्यांना लावली, मग सितारालाही लावायला लावली. ती म्हणाली, "यात काय आहे?" तो म्हणाला, "तू आहेस." मग दोघं दुधी आणायला बाजारात गेली. शिपाई दिसला तर सितारा आता लपत नाही, त्याला वाकुल्या दाखवते. ते मात्र मी तिला थांबवायला सांगितलं आहे.

रंग गव्हाळ आहे. हसते तेव्हा आधी डोळे बारीक होतात. गोड इतकं आवडतं की हलवा देवीपुढे ठेवायच्या आधी झाकावा लागतो. बाकी तुम्ही विचारलं नाही तरी लिहिते: हट्टी आहे, चुकलं तरी कबूल करत नाही, आणि चारचौघांत बोलायला उभी केली तर सगळ्यांना गप्प करते. आमच्याकडे मी अशी आजवर एकच बाई पाहिली आहे.

मापाचं मात्र जमणार नाही. आमच्या गावात दोऱ्याने माप घेणाऱ्याला लोक हसतात. मनगट कितीही बारीक असलं तरी बांगडी अडते ती अंगठ्याच्या हाडाशी. मनिहार हात आपल्या मुठीत घेतो, अंगठा आत दुमडतो, हळूच दाबतो. हाड किती ऐकतं ते त्याच्या तळव्याला कळतं. एकाने घेतलेलं माप दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि टपालाने तर मुळीच येत नाही.

ज्याला बांगडी भरायची असेल त्याने येऊन हात हातात घ्यावा लागतो, जीजी.

तुमची दुलहिन,
चंद्रकली

*

कार्ड. कानपूर, २३ मे १९६०

चि. दुलहिनीस आशीर्वाद. शुक्रवारच्या गाडीने येत आहे. एकटीच. स्टेशनवर कुणी नको, हार तर मुळीच नको. लालाजींना सांगितलं की फिरोजाबादेत बांगड्या स्वस्त मिळतात. त्यांनी विचारलं, "कुणाच्या मापाच्या?" मी म्हटलं, ते तिथे गेल्यावर कळेल.

रामेश्वरी